किबाबा आणि मापटं

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या सन्माननीय कुलगुरूंना,



हे पत्र कुणा एका विद्यापीठाला उद्देशून नाही. आपल्या राज्यात ज्या ज्या आवारात वर्षातून एकदा देशोदेशीचे झेंडे लागतात आणि बहुसांस्कृतिक महोत्सव भरतो, त्या प्रत्येक आवाराच्या प्रमुखांसाठी ते आहे. मी मावळ तालुक्यातल्या आंबी गावची. तळेगाव दाभाड्याहून वराळ्याच्या बाजूने येऊन इंद्रायणीवरचा पूल ओलांडला की आमचं गाव लागतं. रोज सकाळी तळेगाव स्टेशनात लोणावळा–पुणे लोकल पकडते आणि पुण्यात शिकायला जाते. पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या फेब्रुवारीत पुण्यातल्या अशाच एका महोत्सवात मी दोन दिवस उभी होते. तिथे जे पाहिलं आणि त्यानंतर आमच्या घरात जे घडलं, ते आपल्याला सांगावं असं मनापासून वाटलं.

मला महाराष्ट्राचा स्टॉल मिळाला होता. त्यासाठी नऊवारी नेसायची, नथ घालायची, चंद्रकोर लावायची असं ठरलं. मी भाड्याने शिवलेली नऊवारी आणली. ती पायजम्यासारखी चढवता येते. माझी आजी आयुष्यभर नऊवारीच नेसत आली आहे. काष्टा घालून भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात लावणी केलेली बाई ती. मी त्या वेशात घरून निघाले तेव्हा तिने पदराला हात लावून पाहिला आणि विचारलं, "ही कशी गं सुटत नाही?" तेव्हा मी हसले. दिवसभर मात्र तो प्रश्न माझ्याबरोबर राहिला. जिच्या अंगावर हे लुगडं रोजचं आहे ती घरी, आणि जिला ते नेसताही येत नाही ती मी महाराष्ट्र म्हणून उभी.

शेजारी टांझानियाचा स्टॉल होता. तिथली मुलगी दार-एस-सलामची, माझ्याच वयाची, संगणकशास्त्र शिकणारी. तिलाही पारंपरिक पोशाखात यायला सांगितलं होतं. तिने आईने दिलेली खांगा पांघरली होती. खांगा म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या बायकांचं रोजच्या वापरातलं सुती वस्त्र. चौफेर काठ, मध्ये ठसठशीत नक्षी आणि खालच्या बाजूला छापलेलं एक वाक्य. दोन दिवसांत शेकडो जणांनी तिच्याबरोबर फोटो काढले. कुणी तिच्या केसांना हात लावून पाहिला, कुणी नाचून दाखवायला सांगितलं. तिच्या कमरेशी ठळक अक्षरांत लिहिलेलं ते वाक्य काय आहे, हे कुणीही विचारलं नाही.

मीसुद्धा विचारलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, गर्दी ओसरल्यावर. तिने ते वाचून दाखवलं, "हाबा ना हाबा हुजाझा किबाबा." अर्थ सांगितला: थोडं थोडं करून किबाबा भरतो. किबाबा म्हणजे काय, तर धान्य मोजायचं जुनं माप. मी म्हटलं, आमच्याकडे म्हणतात, थेंबे थेंबे तळे साचे. तिने ते माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं आणि हातावर रोमन अक्षरांत लिहून ठेवलं.

मग आम्ही एका पुठ्ठ्यावर शब्द लिहायला बसलो. स्वाहिलीत दुकानाला 'दुका' म्हणतात, सरकारला 'सेरिकाली', बंदराला 'बांदारी', रंगाला 'रांगी', लेखणीला 'कालामु', औषधाला 'दावा'. आंबा तिकडे 'एम्बे'. पलीकडच्या स्टॉलवरचा अफगाण मुलगा ओढल्यासारखा येऊन बसला, कारण यांतले कितीतरी शब्द त्याच्या दरी भाषेतही होते. यांतले फारसी आणि अरबी शब्द शतकानुशतकं गलबतांतून, बाजारांतून आणि दप्तरांतून फिरत एकीकडे झांजिबारला पोचले आणि दुसरीकडे मराठीत येऊन इतके मुरले की ते बाहेरून आले हे आपण विसरून गेलो. 'सरपंच' या शब्दातला 'सर' फारसी आहे, 'पंच' आपला आहे. तो पुठ्ठा आम्ही दोन स्टॉलच्या मध्ये टेकवून ठेवला. शेवटच्या दोन तासांत आमच्याकडे जेवढे लोक थांबून बोलले, तेवढे त्याआधी दोन दिवसांत थांबले नव्हते.

आणखी एक गोष्ट. जेवणाच्या मांडवात वाढणारा एक दादा नेपाळचा होता. नेपाळच्या स्टॉलवरच्या मुलीने त्याला 'दाइ' अशी हाक मारली, तेव्हा हातातला डाव तसाच धरून तो थबकला. दाइ म्हणजे थोरला भाऊ. त्या मुलीचं नाच-गाणं मंचावर झालं तेव्हा तो मांडवाच्या कनातीआडून पाहत होता. भारतात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये सर्वांत जास्त नेपाळचेच असतात. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात सुमारे ४७ हजार परदेशी विद्यार्थी होते, १७० देशांतून आलेले, आणि त्यांतले चौथ्या हिश्श्याहून अधिक नेपाळी. तो दादा कुठल्याच मोजणीत नव्हता. त्याचा देश मात्र त्या दिवशी मंचावर होता.

मी मावळची असल्यामुळे मला हे वरवरचं भेटणं जास्त टोचलं असावं. आमचा भाग शिकलेल्या माणसांनी बहुसांस्कृतिक म्हणण्याच्या कितीतरी आधीपासून तसा आहे. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावते, कार्ल्याच्या डोंगराखालून येते, आंबीला वळसा घालते आणि पुढे देहू-आळंदीला जाते. कार्ल्याच्या चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल तिथे आहे, सोपाऱ्याहून आलेला दाता आहे, आणि धेनुकाकटात राहणारे यवन आहेत. यवन म्हणजे पश्चिमेकडून आलेले परके लोक. त्यांनी दिलेल्या खांबांवर त्यांचे लेख कोरलेले आहेत, आणि ते ब्राह्मी लिपीत, प्राकृतात, म्हणजे या मातीतल्या भाषेत आहेत. शाळेच्या सहलीत मी ते खांब पाहिले होते. महोत्सवाहून परत येताना लोकलमध्ये ते पुन्हा आठवले. आपण परक्या मुलांना दोन दिवसांचा स्टॉल देतो. त्या काळाने परक्या माणसाला छत पेलणारा खांब दिला होता.

आजच्या आंबीतही तेच आहे. तळेगाव एमआयडीसी आली, जनरल मोटर्सचा कारखाना आला, तो बंद पडला, आता तो कोरियाच्या ह्युंदाईने घेतला. या कारखान्यांच्या आधाराने बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, झारखंडची माणसं आमच्या गावांत राहतात. जवळच्या शिक्षणसंस्थांमुळे देशभरातले विद्यार्थी राहतात. आमच्या किराणा दुकानात संध्याकाळी पाच भाषा ऐकू येतात. पण शेजारी राहणं वेगळं आणि शेजारधर्म वेगळा. हे मी स्वतःच्या घरावरून सांगते.

आम्ही घरावर एक मजला चढवला आणि चार खोल्या भाड्याने द्यायला काढल्या. एकदा दोन आफ्रिकी मुलींसाठी विचारणा आली. वडील म्हणाले, "नको ती भानगड." परदेशी माणूस ठेवला की पोलिसांचे कागद करावे लागतात, एवढंच त्यांनी ऐकलं होतं. तेव्हा तो कागद म्हणजे सी-फॉर्म. परदेशी व्यक्ती राहायला आल्यापासून २४ तासांत घरमालकाने तो ऑनलाइन भरायचा असायचा. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं, आम्हीही विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर कागद हे निम्मंच कारण होतं. उरलेलं निम्मं कारण त्या मुलींचा रंग होता, हे घरात सगळ्यांना कळत होतं. मी त्या दिवशी गप्प बसले. शाळेत मी मलिक अंबरावर उत्तर लिहून गुण मिळवले होते: हबशी मुलखातून गुलाम म्हणून आलेला माणूस निजामशाहीचा कारभारी होतो, जमिनीची घडी बसवतो, खडकी शहर वसवतो, १६२६ मध्ये मरेपर्यंत मुघलांना दख्खनमध्ये थोपवून धरतो. ते उत्तर मला पाठ होतं. ते घरात बोलायचं धैर्य झालं नाही.

म्हणून महोत्सवानंतर मी एक गोष्ट केली. आमच्याकडे हरिनाम सप्ताह असतो. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं आणि मग गावपंगत बसते. त्या दिवशी मी टांझानियाच्या मैत्रिणीला, त्या अफगाण मुलाला आणि नेपाळच्या मुलीला घरी बोलावलं. तोवर मधल्या काही आठवड्यांत कॅन्टीनमध्ये बसून मी त्यांना वीस-पंचवीस वाक्यं शिकवली होती. "कितीला?" "जरा सरका." "पोट दुखतंय." "पुरे." "अजून वाढा." अशीच.

पंगतीत शेजारच्या काकूंनी टांझानियाच्या मैत्रिणीला विचारलं, "कुठल्या गावची गं तू?" देश विचारला नाही, गाव विचारलं. ती म्हणाली, "दार-एस-सलामची. समुद्राजवळ." काकूंनी मान डोलावली, जणू ते अलिबागच्या पुढे कुठेतरी असावं, आणि पानात भात वाढला. आमचा तांदूळ इंद्रायणी, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला, शिजला की चिकट होणारा. तिने तो बोटांनी दाबून त्याचा लहान गोळा केला, अंगठ्याने त्यात खळगा पाडला आणि आमटीत बुडवला. मक्याच्या पिठाची उगाली त्यांच्याकडे अशीच खातात. बघता बघता समोरच्या ओळीतली पोरं तसाच भात खाऊ लागली.

जेवणानंतर अफगाण मुलगा ओट्यावर वडिलांजवळ बसला. आमच्या वडिलांची बोलणी म्हणजे सातबारा. एमआयडीसीत गेलेली जमीन, उरलेली जमीन, भावकी. त्या मुलाला फारसं मराठी येत नव्हतं, तरी तो अधूनमधून त्यांचा एकेक शब्द पकडून परत म्हणत होता: जमीन, मालक, वारस, हद्द, कर्ज. हे सगळे शब्द त्याच्या घरीही आहेत. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूल पडलं तेव्हा तो शाळेत होता. त्याच्या घरच्यांचीही जमीन आहे, तिचं काय झालं हे त्याने सांगितलं. काही शब्द इंग्रजीत, काही हिंदीत, आणि तो मुख्य शब्द दोघांचा एकच. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जमीन गेली की माणूस उन्मळतो. कुठलाही असो."

आणि आजी. मैत्रिणीने येताना तीच खांगा अंगावर घेतली होती. आजीने विचारलं, "हे काय लिहिलंय?" शिकलेल्या शेकडो माणसांच्या मनात न आलेला प्रश्न, चौथीही पूर्ण न केलेल्या बाईने पहिल्या पाच मिनिटांत विचारला. मी अर्थ सांगितला, किबाबा सांगितला. आजी उठली, आतल्या खोलीत गेली आणि फडताळातून मापटं घेऊन आली. शेजारी चिपटंही ठेवलं. "हे का?" मैत्रिणीने मापटं हातात घेतलं, आतून हात फिरवला, आणि म्हणाली, "हो. हेच."

जूनमध्ये आमच्या वरच्या खोलीत दोन परदेशी मुली राहायला आल्या. सी-फॉर्म वडिलांनी स्वतः भरला.

महोदय, महोदया, हे एका घरात घडलं ते माझ्या काही हुशारीने नाही. वीस-पंचवीस मराठी वाक्यं आणि एक पंगत, एवढ्याने घडलं. या दोन्ही गोष्टी प्रत्येक विद्यापीठाच्या हातात आहेत. महोत्सवावर एवढा खर्च होतो, एवढे विद्यार्थी महिनाभर राबतात. त्यात मी तीन गोष्टी मागते.

पहिली, प्रत्येक बाहेरच्या विद्यार्थ्याला, तो परदेशातला असो की परराज्यातला, प्रवेशानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत बोली मराठीचे पन्नास तास मोफत द्यावेत, त्याला श्रेयांक द्यावेत. व्याकरणाने सुरुवात नको. भाजी घेणं, रिक्षा ठरवणं, दवाखान्यात दुखणं सांगणं, घरमालकाशी बोलणं, इथून सुरुवात व्हावी. आपल्याच मराठी विभागातले विद्यार्थी मानधनावर हे शिकवू शकतील. वाट नवी नाही. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने अमराठी लोकांसाठी 'माय मराठी' हा अभ्यासक्रम तयार केला आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. पण शिकायची इच्छा असलेल्या मुलाला शिकवणारा वर्ग त्याच्या आवारात नसेल, तर त्या दर्जाचा त्याला काय उपयोग?

मला माहीत आहे, आज भाषेचं नाव काढलं की सक्ती आणि दमदाटी आठवते. मी सक्ती मागत नाही. मराठी येत नाही म्हणून माणसाला रस्त्यावर अडवणं आणि मराठी शिकवायला त्याच्याशेजारी बसणं, यात शिव्या आणि ओव्या यांच्याइतकं अंतर आहे. शिकवलंच नाही, तर येत नाही म्हणून रागवायचा अधिकार आपल्याला कुठून येतो?

कुणी म्हणेल, वर्ग इंग्रजीत चालतात, तीन वर्षांनी ही मुलं जाणार, मराठीचं त्यांना काय? पुण्यातलीच एक गोष्ट सांगते. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे आणि वसतिगृहाचे रेक्टर असलेले प्रा. शां. ब. मुजुमदार यांना एक मुलगी वसतिगृहातल्या मुलाला खिडकीतून काही देताना दिसली. चौकशी केल्यावर कळलं, की मॉरिशसहून आलेला तो मुलगा काविळीने आजारी होता आणि ती त्याला जेवण पोचवत होती. परक्या देशात आजारी पडलेल्या त्या मुलाचं एकटेपण त्यांच्या मनातून गेलं नाही. त्यातून १९७१ मध्ये सिंबायोसिस उभी राहिली. आज पुण्यात परदेशी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं आहेत, कार्यालयं आहेत, महोत्सव आहेत. पण काविळीत रात्री दोन वाजता लागतो तो शेजारी. वॉर्डातल्या मावशींना काय होतंय ते सांगायला त्यांची भाषा लागते. आणि कोण राहील, कोण जाईल हे आधी कुणाला ठाऊक असतं? मॅक्सीन बर्नसन अमेरिकेहून आल्या, त्यांनी फलटणच्या मराठीचा अभ्यास केला, मग तिथेच राहून मुलांना शिकवण्यासाठी प्रगत शिक्षण संस्था उभी केली. त्यांना फलटणचं केलं ते फलटणच्या बोलीने.

दुसरी मागणी, महोत्सवाचा एक दिवस कुंपणाबाहेर काढा. ज्या गावाच्या जमिनीवर, ज्या गावाच्या पाण्यावर आपलं आवार उभं आहे, त्या गावाला यजमान करा. ग्रामपंचायत, बचत गट, भजनी मंडळ आणि कारखान्यांतले परराज्यातले कामगार यांना बोलवा. आणि स्वयंपाकघरात, सुरक्षेत, बागेत राबणारी माणसं जिथून आली, तो मुलूखही कार्यक्रमात येऊ द्या. ओडिशाचा आचारी आपल्याकडे वर्षानुवर्षं असतो. त्याचं गाणं एकदा तरी मंचावरून ऐका.

तिसरी मागणी सगळ्यांत सोपी. पोशाखाचा नियम काढून टाका. त्याऐवजी प्रत्येक स्टॉलने घरातली एक वस्तू आणि भाषेतलं एक वाक्य आणावं: एखादं माप, एखादं खेळणं, आईचा एखादा शब्द. महिनाभर आधी प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याला एक मराठी सोबती द्या. दोघांनी मिळून त्या वाक्याचा मराठी जोड शोधावा. मी तुम्हाला अनुभवाने सांगते, त्या शोधात मराठी मुलगा जास्त शिकतो. 'सरकार' आणि 'सेरिकाली' शेजारी लिहीपर्यंत मी माझ्या भाषेकडे कधी असं पाहिलंच नव्हतं. आमच्या घरात मापटं आहे हे मला माहीत होतं. ते जगाच्या दुसऱ्या टोकालाही कुणाच्या तरी आजीच्या फडताळात असेल, हे मला त्या मुलीने शिकवलं.

परवा आजीने मला एक प्रश्न विचारला. पुढच्या वर्षी तुमचा तो मेळा भरेल तेव्हा मी येऊ का? मी विचारलं, काय करशील तिथे? म्हणाली, "मापटं घेऊन बसेन. ज्याचं त्याचं माप ज्याने त्याने घेऊन यावं. कुणाच्यात किती मावतं, मोजून बघू."

तिच्यासाठी एक खुर्ची ठेवा, एवढं मागून थांबते.

आपली नम्र,
एक विद्यार्थिनी
आंबी, तालुका मावळ, जिल्हा पुणे